गळक्या पाइपाखालचं रान

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर दोन वर्षं एक पाइप गळत होता. फार नाही. सांध्यातून एक थेंब सुटायचा, भिंतीला धरून सावकाश खाली उतरायचा, आणि तो तळाशी पोचायच्या आत दुसरा सुटायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान जरा वाकडी केली की दिसायचं सगळं. सुरुवातीला नुसती ओल होती. मग ओलीवर हिरवट झाक आली, झाकेचं शेवाळ झालं, शेवाळात धूळ अडकली, आणि एके दिवशी त्या धुळीत बोटभर उंचीचा नेचा उभा. कुणी लावला नव्हता. लावायचा म्हटलं असतं तर जगलाही नसता. माझ्या हाताला झाडं लागत नाहीत.

मी एक वही केली. वहीवर नुसतं 'भिंत' लिहिलं. गोगलगाय दिसली की तारीख. मुंग्यांची रांग कुठल्या फटीतून निघते आणि कुठल्या फटीत शिरते, त्याचं वेडंवाकडं चित्र. एक कोळी होता, तो बरोबर ओलीच्या कडेला जाळं विणायचा, कारण चिलटं तिथंच घोटाळायची. दुपारी एखादी चिमणी यायची, पाइपाला उलटी लटकून तो थेंब चोचीत घ्यायची आणि दुसऱ्या थेंबासाठी थांबायची. तिचं ते थांबणं बघण्यात माझी किती दुधं उतू गेली, त्याची नोंद मात्र वहीत नाही.

मग आतल्या बाजूला रंगाचे पापुद्रे सुटायला लागले आणि मीच प्लंबरला बोलावलं. त्याने वर चढून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, इथं तर जंगल झालंय. उपटून टाकू?" मी म्हटलं, नको, फक्त सांधा बदला. वीस मिनिटांचं काम. तो गेला, भिंत कोरडी झाली. शेवाळ आधी पिवळं, मग तपकिरी, मग शाईच्या डागासारखं काळं. नेचा आतल्या आत वळला. कोळी कधी गेला ते कळलंही नाही. तीन आठवड्यांत वही बंद.

मी झाडाला हात लावला नव्हता, कुणी विष फवारलं नव्हतं. मी फक्त एक चूक दुरुस्त केली होती. तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही: शहरातलं जे रान आपण कौतुकानं बघतो, ते बहुतेक आपल्या दुर्लक्षावर जगत असतं.

'परिसंस्था' हा शब्द ज्याचं भाषांतर आहे तो मूळ शब्द, 'इकोसिस्टिम', छापून आणला आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं, १९३५ साली. सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा, ऊन हे सगळं मिळून एक व्यवस्था आहे, ती तोडून बघू नका, एवढंच त्याचं म्हणणं. माणूस हाही तिच्यातला एक जबरदस्त घटक आहे, हे त्यानं त्याच लेखात मान्य केलं होतं. तरी पुढची कित्येक दशकं परिसंस्थेचा अभ्यास करायचा म्हणजे शहराबाहेर जायचं अशीच रीत होती. जंगल, तळं, माळ, किनारा. शहर म्हणजे जिथून गाडी पकडायची ती जागा. याचं मला नवल वाटत नाही. मीसुद्धा 'निसर्गात जाऊन येऊ' असंच म्हणत आले आहे, जणू निसर्ग हा एखादा दूरचा नातेवाईक आहे आणि सुट्टीतच त्याच्याकडे जायचं असतं.

पण काही लोक आधीपासून पायाखाली बघत होते. रोममधलं कोलोसियम आज उघडंबोडकं दिसतं, तसं ते शेकडो वर्षं नव्हतं. १६४३मध्ये डोमेनिको पानारोली यानं त्या अवशेषांवर उगवलेल्या वनस्पतींची यादी केली, ती ३३७ जातींची भरली. १८५५मध्ये रिचर्ड डीकिन या इंग्लिश डॉक्टरनं पुन्हा मोजदाद केली. त्याच्या पुस्तकात ४२० जाती आहेत. एका पडक्या इमारतीत चारशेवीस! वरच्या कमानींवर कोरडी आणि गरम जागा, खालच्या बोळांत सावली आणि ओल, मधल्या पायऱ्यांवर साठलेली माती. एकाच इमारतीत डोंगराचे सगळे उतार. पुढं १८७०च्या दशकात पुरातत्त्वाच्या शिस्तीनं ते सगळं खरवडून काढलं. दगड वाचवायचे तर मुळं काढायला हवीत, हे मला पटतं. माझ्या भिंतीलाही तोच न्याय लागला होता. पण डीकिनची यादी वाचताना असं वाटतं की त्या वास्तूचं एक अख्खं आयुष्य आपण धुऊन टाकलं आणि उरलेल्याला 'मूळ स्वरूप' म्हणालो.

शहरातल्या रानाच्या या विषयाला शास्त्र म्हणून उभं राहायला मदत केली ती एका भिंतीनं, हा योगायोग मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धात बर्लिन भाजून निघालं. विटा, चुना, काच, जळका कोळसा यांचे ढीग मैलोनमैल. १९६१मध्ये भिंत उभी राहिली आणि पश्चिम बर्लिन चहूकडून बंद झालं. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना आसपासच्या रानात जाता येईना. मग हर्बर्ट सुकॉप आणि त्याचे सहकारी शहरातच फिरायला लागले. मलब्याचे ढीग, रुळांच्या कडा, स्मशानभूमी, पडके प्लॉट. जे कुणी अभ्यासण्याजोगं मानलं नव्हतं, तेच त्यांचं अरण्य झालं.

त्यांना काय दिसलं? मलब्यावर उगवणारी झाडं ही आसपासच्या रानातली नव्हतीच. विटांचा आणि चुन्याचा ढीग पाणी धरत नाही, उन्हात तापतो, आणि त्यात चुना भरपूर. एखाद्या उत्तरेकडच्या शहरात जणू दक्षिणेचा उष्ण, खडकाळ उतार आणून ओतलेला. तर तिथं दक्षिणेचीच झाडं आली. चंदनबटव्याच्या कुळातलं एक चिकट, उग्र वासाचं रोपटं, केनोपोडियम बोट्रिस, मूळ उबदार प्रदेशातलं, बर्लिनच्या मलब्यावर असं माजलं की सुकॉपनं त्याचा वेगळा अभ्यास केला. अमेरिकेतून आलेला रोबिनिया, चीनमधून आलेला आयलँथस हेही तिथं रुजले. कुणी शोभेसाठी आणलेले, कुणी मालासोबत चुकून आलेले. शहराचा इतिहासच उगवून वर आलेला.

लंडनमध्येही बॉम्बनं जळालेल्या जागांवर गुलाबी फुलांचं विलोहर्ब झपाट्यानं पसरलं. त्याची केसाळ बियाणं वाऱ्यावर तरंगत येतात आणि त्याला जळकी जमीन मानवते. पण लंडनपेक्षा मला ऑक्सफर्डची गोष्ट जास्त भावते. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरचं एक पिवळ्या फुलांचं झाड अठराव्या शतकात ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात वाढत होतं. ते हळूहळू कुंपण ओलांडून गावातल्या जुन्या भिंतींवर गेलं आणि तिथंच रेंगाळलं. १८४४मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे आली. रुळांखाली जळक्या कोळशाची राख आणि खडी. झाडाच्या दृष्टीनं ती एटनाची राखच की! गाड्यांच्या झोतात बिया उडत राहिल्या आणि ते झाड रुळांच्या बाजूबाजूनं ब्रिटनभर पोचलं. आपण लोखंडी रस्ता टाकला असं आपल्याला वाटत होतं. त्या झाडाच्या लेखी आपण शेकडो मैल लांबीचा ज्वालामुखी अंथरला होता.

असं बघायला लागलं की शहराचा नकाशाच बदलतो. उंच इमारती म्हणजे कडे. कबुतराचे रानटी पूर्वज समुद्रकाठच्या कड्यांवरच घरटी करतात, म्हणून त्याला खिडकीवरची सज्जाची पट्टी ओळखीची वाटते. त्याच्यामागून बहिरी ससाणा येतो, तोही कड्यावरचाच. अमेरिकेच्या पूर्व भागातून डीडीटीमुळे तो संपल्यातच जमा होता. १९७२मध्ये त्या देशात डीडीटीवर बंदी आली, पिल्लं वाढवून सोडली गेली, आणि आज न्यूयॉर्कच्या पुलांवर आणि मनोऱ्यांवर त्याची घरटी आहेत. अंडी थेट खडीवर. भक्ष्य समोरच्या गच्चीवर. आपण जी गोष्ट ऑफिस म्हणून बांधतो ती वरून येणाऱ्याला दरीच दिसते.

हवामानही वेगळं. ढगांना क्युम्युलस, सिरस ही नावं देणारा ल्यूक हॉवर्ड दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये आणि लंडनबाहेर तापमान मोजत बसला होता. रात्री शहर आसपासच्या गावांपेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरेनहाइट गरम असतं, हा त्याचा हिशोब. दगड-विटा दिवसभर ऊन पितात आणि रात्री सोडत राहतात. झाडं कमी, म्हणून बाष्प सोडून थंड करणारं कुणी नाही. वर चुली, यंत्रं, दिवे यांची स्वतःची आच. आज त्याला उष्णतेचं बेट म्हणतात.

आणि भूक. एबल वोलमन या अभियंत्यानं १९६५मध्ये दहा लाख वस्तीचं एक काल्पनिक अमेरिकी शहर घेतलं आणि त्याला एखाद्या प्राण्यासारखं तपासलं: काय खातं, काय पितं, काय बाहेर टाकतं. दिवसाला पाणी ६,२५,००० टन. अन्न २,००० टन. इंधन ९,५०० टन. बाहेर पडतं ५,००,००० टन सांडपाणी, २,००० टन कचरा आणि ९५० टन हवेतलं प्रदूषण. या आकड्यांत माझी नजर अडकते ती पाण्यावर. बाकी सगळं त्याच्यापुढं चिल्लर. आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं सांडपाणी यांत सव्वा लाख टनांची तूट आहे. ते काही हरवत नाही. बागांतून आणि गच्च्यांवरून वाफ होऊन जातं, जमिनीत मुरतं, आणि कुठंतरी, एखाद्या मागच्या भिंतीवर, थेंब थेंब उतरतं. शहरांखालचं भूजल अभ्यासणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे की फुटक्या नळांतून आणि गटारांतून झिरपणारं पाणी हा त्या भूजलाचा एक मोठा स्रोत असतो. वर सिमेंट, पाऊस आत जाणार कुठून? खालून गळती पाजते. रस्त्याकडेचं एखादं झाड कडक उन्हाळ्यातही हिरवंगार दिसलं की मी आता आधी जमिनीखालच्या पाइपाचा संशय घेते.

१९९७मध्ये अमेरिकेत दोन शहरांचा, बाल्टिमोर आणि फिनिक्सचा, दीर्घकाळ अभ्यास सुरू झाला. जंगलांसाठी आणि गवताळ माळांसाठी जी योजना होती, तिच्यातच शहरं घेतली गेली. इथं प्रश्न बदलला. शहरातल्या बागेत कुठले पक्षी आहेत, एवढ्यावर न थांबता घरं, गटारं, कायदे, लॉन, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि माणसं हे सगळं धरून अख्खं शहरच परिसंस्था म्हणून मोजायचं. बाल्टिमोरमध्ये ओढ्यांच्या काठांनी संशोधकांना चकवलं. काठावरची ओली जमीन पाण्यातला नायट्रोजन गाळते, हे पुस्तकातलं ज्ञान. पण शहरात फरशीवरून पावसाचं पाणी लोंढ्यानं ओढ्यात येतं, ओढा खोल कापला जातो, त्याबरोबर भूजलही खाली जातं, आणि काठ कोरडा पडतो. काठ दिसायला हिरवा, पण गाळण्याचं काम बंद. उलट ज्या घरगुती लॉनवर प्रदूषणाचा आळ होता, त्यांनी अपेक्षेपेक्षा बराच नायट्रोजन धरून ठेवलेला निघाला. मला लॉन आवडत नाही, त्यामुळे हे वाचून जरा हिरमुसलेच.

एवढ्या मोठ्या योजनांशिवायही काम होतं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या घरच्या साध्या बागेत १९७२पासून ३० वर्षं नोंदी ठेवल्या. एका उपनगरी बागेत २,६७३ जाती सापडल्या, त्यांत सर्वांत जास्त कीटक. माझ्या वहीत चौदा होत्या. पण त्यांची बाग गळत नव्हती.

आता माझी सर्वांत आवडती हकिकत. फ्रान्समधल्या माँपेल्येत फुटपाथवरच्या झाडांच्या आळ्यांत एक छोटं पिवळ्या फुलाचं झाड उगवतं, क्रेपिस सँक्टा. एकाच फुलात ते दोन तऱ्हेचं बी करतं. एक हलकं, पिसारा असलेलं, वाऱ्यावर लांब जाणारं. दुसरं जड, आईच्या पायाशीच पडणारं. माळावर दोन्ही चालतात: एखाद्या पोरानं दूर नशीब काढावं, एखाद्यानं घर सांभाळावं. पण फुटपाथवर पिसाऱ्याचं बी उडालं की पडतं कुठं? डांबरावर. पिएर-ऑलिव्हिए शेप्टू आणि सहकाऱ्यांनी मोजलं की आपल्या आळ्यात रुजण्याची शक्यता हलक्या बीला जड बीपेक्षा ५५ टक्क्यांनी कमी आहे. परिणाम असा की फुटपाथवरची झाडं माळावरच्या झाडांपेक्षा जड बी जास्त करायला लागली होती. त्यांच्या हिशोबानं या बदलाला ५ ते १२ पिढ्या पुरेशा होत्या. झाड वर्षायू, म्हणजे डझनभर वर्षांच्या आत.

२००८मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा त्याकडे झटपट उत्क्रांतीचा नमुना म्हणून पाहिलं गेलं, आणि आहेच तो. मला मात्र ती गोष्ट वाचून गलबलून येतं. उडायचं सोडून दिलेलं झाड. जगलं खरं, पण त्या चौकोनी आळ्यात कोंडून. उद्या ते आळं फरशीनं बुजवलं तर त्याच्याकडे दुसरीकडे जायला बीच कमी. शहराशी 'जुळवून घेतलं' असं आपण जेव्हा शाबासकीच्या सुरात म्हणतो, तेव्हा कशाच्या बदल्यात, हे कुणी विचारत नाही. मेक्सिको सिटीत चिमण्या आणि फिंच घरट्यात सिगारेटची थोटकं विणतात. निकोटिनमुळे घरट्यात गोचिडांसारखे परजीवी कमी होतात, हे २०१३मध्ये दिसलं. पुढच्याच तपासणीत थोटकं जास्त असलेल्या घरट्यांतल्या पिल्लांच्या रक्तपेशींत जनुकीय इजाही जास्त दिसली. तेही त्याच बातमीचं उरलेलं वाक्य आहे.

अशा गोष्टी सांगताना सांगणाराच वाहवत जातो, हेही कबूल करायला हवं. लंडनच्या भुयारी रेल्वेतला डास घ्या. युद्धात बॉम्बपासून बचावासाठी भुयारात झोपलेल्या लोकांना तो चावत असे. १९९९मध्ये जनुकीय अभ्यास झाला, वरच्या आणि खालच्या डासांत भरपूर फरक दिसला, आणि भुयारानं शंभरेक वर्षांत नवा डास घडवला, ही गोष्ट जगभर झाली. मी स्वतः ती निदान चार जणांना रंगवून सांगितली आहे. २०२५मध्ये कितीतरी मोठ्या जनुकीय तपासणीतून निष्पन्न झालं की तो डास लंडनचा नाहीच. माणसाच्या वस्तीशी त्याचं जमलं ते हजाराहून जास्त वर्षांपूर्वी, बहुधा मध्यपूर्वेतल्या जुन्या शेतकरी वस्त्यांत. भुयारात तो आयता तयार होऊनच शिरला. आता त्या चौघांना फोन करून सांगायचं का, हा प्रश्न आहे.

नेदरलँड्समधल्या लाइडनच्या रामगंगा पक्ष्यांनी मात्र नीट मोजमाप दिलं: वाहनांचा खर्ज जिथं जास्त, तिथं ते वरच्या पट्टीत गातात (२००३). आणि २०२०च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या चिमणीवर्गातल्या पांढऱ्या डोक्याच्या पक्ष्यांनी रस्ते शांत होताच आवाज खाली आणला, गाण्यात खालचे सूर परत आणले. ओरडून बोलायची सवय लागलेल्या घरात वीज जावी आणि सगळ्यांनी हळू बोलावं, तसं.

या सगळ्यात कोण दिसत नाही? जे आलेच नाहीत. २०१४च्या एका अभ्यासात जगातल्या १४७ शहरांची माहिती एकत्र केली होती, ५४ शहरांतले पक्षी आणि ११० शहरांतल्या वनस्पती. शहराबाहेरच्या जागेच्या तुलनेत दर चौरस किलोमीटरमागे पक्ष्यांच्या फक्त ८ टक्के आणि वनस्पतींच्या २५ टक्के स्थानिक जाती शहरात टिकलेल्या. कबूतर, चिमणी, मैनेच्या कुळातली स्टार्लिंग आणि भिंगरीची एक जात (बार्न स्वॅलो), हे चार पक्षी ८० टक्क्यांहून जास्त शहरांत. ससाण्याचं छायाचित्र सगळे पाठवतात. ज्या पक्ष्याला पडक्या पानांचा थर लागतो आणि ज्याच्या वाट्याला रोज पहाटे झाडलेली जमीन आली, त्याचं छायाचित्र कुठून येणार?

इथपर्यंत आले तेव्हा मला माझा तो लाडका विचार, रान दुर्लक्षावर जगतं हा, पुरता पटलेला होता. मग मी नकाशे पाहिले.

१९३०च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला सुरक्षित वस्ती हिरवी, तिचा दर्जा ए. धोक्याची वस्ती लाल, दर्जा डी. लाल वस्त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या आणि गरीब स्थलांतरितांच्या. तिथं कर्ज नाही, म्हणून डागडुजी नाही, म्हणून बाग नाही. त्या नकाशांना नव्वद वर्षं होत आली. २०२१च्या एका अभ्यासात ३७ शहरांत झाडांची सावली मोजली: जुन्या ए वस्त्यांत जमिनीचा सुमारे ४३ टक्के भाग झाडांखाली, डी वस्त्यांत २३. त्याच्या आदल्या वर्षी १०८ शहरांचं तापमान तपासलं होतं. त्यांतल्या ९४ टक्के शहरांत जुन्या लाल वस्त्या जास्त तापलेल्या, काही ठिकाणी फरक ७ अंश सेल्सिअसपर्यंत. ज्या नकाशावर हिरवा रंग होता तिथं खरोखरच हिरवं उगवलं. फिनिक्समध्ये तर २००३मध्येच दिसलं होतं की कुठल्या भागात किती जातींची झाडं असतील याचा अंदाज तिथल्या कुटुंबांच्या उत्पन्नावरून बांधता येतो. जमीन कशी आहे याबरोबर उत्पन्नही महत्त्वाचं.

म्हणजे दुर्लक्ष दोन तऱ्हांचं. रिकाम्या जागेकडे दुर्लक्ष झालं की तिथं रान येतं. राहत्या माणसांकडे दुर्लक्ष झालं की तिथं ऊन येतं. आणि पहिल्याचं कौतुक करायला ज्याला सवड आहे तो सहसा दुसऱ्यात राहत नाही. मीही नाही राहत. माझी भिंत गळत होती तेव्हा मी वही केली. ज्यांच्या घराची तीच भिंत एकुलती आणि आतल्या बाजूला पोरं झोपलेली, ते ओलीला ओलच म्हणतात.

बर्लिनमध्ये याचं काय करायचं, यावर एक मजेशीर उत्तर निघालं आहे. टेम्पेलहोफचं मालगाड्यांचं यार्ड १९५२पासून बंद पडलं. रुळांमधून बर्च आणि रोबिनिया वर आले. १९८०च्या सुमारास तिथं नवं यार्ड करायचं ठरलं तेव्हा रहिवाशांनी विरोध केला, आणि २०००मध्ये त्यातले १८ हेक्टर सूडगेलेंडे निसर्गोद्यान म्हणून खुले झाले. गाडीचं इंजिन फिरवायची चकती, पाण्याची टाकी, गंजके रूळ तसेच. लोकांसाठी जमिनीपासून वर उचललेली लोखंडी वाट. पण मौज अशी की नुसतं सोडून दिलं तर सगळीकडे एकसारखं दाट जंगल होईल आणि मोकळ्या गवताळ तुकड्यांतले कीटक, फुलं जातील. म्हणून काही भागात नियमित छाटणी होते. दुर्लक्षाचा परिणाम टिकवायला माळी नेमलेले.

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये उलटी तऱ्हा. चोंग्येचॉन ओढ्यावर स्लॅब टाकून वर उड्डाणरस्ता बांधलेला होता. २००३ ते २००५मध्ये तो पाडून ५.८ किलोमीटरचा ओढा उघडा केला. काठाला आसपासच्या रस्त्यांपेक्षा ३.३ ते ५.९ अंश सेल्सिअस थंडावा मोजला गेला. मासे आले, बगळे आले. पण ओढ्यात स्वतःचं पाणी पुरेसं नाही. हान नदीतून रोज सुमारे १,२०,००० टन पाणी पंपानं आणून सोडावं लागतं. हा खोटा ओढा आहे अशी टीका होते. मला ती अर्धीच पटते. बगळा विजेचं बिल तपासत नाही. आणि खरं-खोटं करायला बसलं तर माझा नेचा कुठल्या वर्गात बसवणार? त्याचंही पाणी पंपानंच वर चढलेलं होतं. फरक इतकाच की एका पाण्यामागे ठराव होता आणि दुसऱ्यामागे झिजलेला रबरी वायसर.

भिंत कोरडी होऊन आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात खिडकी पुसताना सवयीनं मान वाकडी केली तर जुन्या काळ्या डागाच्या डावीकडे, हातभर अंतरावर, ताजी हिरवी रेघ. वर पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नवा एसी बसवलाय. त्याची पाण्याची नळी कापून तशीच लोंबती सोडलेली. यंत्र बाहेर गरम हवा फेकतं, मागची भिंत आधीपेक्षा तापते हे हाताला कळतं, आणि त्याच यंत्रातून हवेतलं पाणी गोळा होऊन थेंब थेंब भिंतीवर उतरतं.

जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, "अगं, आमच्या एसीचं पाणी तुझ्या भिंतीवर येतंय ना? सांगायचं नाही का! माणूस बोलावून नळी खालपर्यंत नेते."

मी म्हटलं, "बघू हो, काही घाई नाही."

"ओल येईल भिंतीला."

"हो, येईल," म्हटलं, आणि वर येऊन वही शोधली. ती डब्यांच्या मागं पडली होती. तारीख घातली. शेवाळ, बोटभर रुंद, दीड वीत लांब. मुंग्या नाहीत. चिमणी अजून नाही. काकूंनी माणूस कधी बोलावलाय, ते विचारायचं राहिलं.